दुधाच्या आकड्याशेजारी

माझ्याकडे सहा वह्या आहेत. दोनशेपानी, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या. जून २०१४ पासून मी जितक्या पहाटे पळायला गेलो, तितक्या ओळी त्यांत आहेत. तारीख, वाट, अंतर, लागलेला वेळ, हवा आणि शेवटी दोन-चार शब्द. ‘पाय जड.’ ‘चढावर दम पुरला.’ ‘यवतेश्वरला धुकं, दहा पावलांपुढचं दिसेना.’ गेल्या दिवाळीत माळा आवरताना त्या हाती लागल्या आणि मी पहिल्या पानापासून वाचत बसलो. आपण प्रामाणिकपणे हिशेब ठेवलाय, असा माझा समज होता. तीन दिवस वाचल्यावर तो राहिला नाही.

आधी वाटा सांगतो, कारण त्यांच्याबद्दल मी खोटं लिहिलेलं नाही.

आमचं घर साताऱ्यात, समर्थ मंदिराच्या अलीकडे. दारातून निघून वरच्या अंगाला लागलं की थोड्याच वेळात ठरवावं लागतं. एक रस्ता बोगद्यातून पलीकडे सज्जनगडाच्या बाजूला जातो, दुसरा यवतेश्वरचा घाट चढून कासकडे. मंगळवारी आणि शनिवारी मी घाट धरतो. पहिल्या दोन वळणांपर्यंत अंग ऐकत नाही. पोटऱ्या ताणलेल्या, श्वास एकीकडे आणि पाऊल दुसरीकडे. पुढे कधीतरी दोन्हींचा मेळ बसतो. खाली गावाचे दिवे पसरलेले असतात, समोर अजिंक्यताऱ्याचा लांबट काळा माथा असतो, आणि आपल्या बुटांचा आवाज सोडून दुसरा आवाज नसतो. गुरुवारी अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता, छोटा पण छातीवर येणारा. रविवारी सपाटी: पोवई नाक्यावरून खाली संगम माहुलीकडे, कृष्णा आणि वेण्णा जिथे भेटतात तिथपर्यंत. थंडीत नदीवरून धुकं उठतं आणि रस्त्यावर येऊन थांबतं. त्याच दिवसांत ऊसतोड चालू असते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर धुक्यातून आधी ऐकू येतो, मग दिसतो, आणि आपण मुकाट्याने रस्त्याच्या कडेला उतरायचं असतं.

साताऱ्याची हवा एका पळण्यात दोनदा बदलते. पावसाळ्यात घरातून निघताना भुरभुर असते आणि घाटमाथ्यावर पाऊस आडवा मारत असतो. मे महिन्यात पहाटेही बावीस-तेवीस अंश असतात, वारा पडलेला असतो. पण मला सगळ्यांत अवघड जातो तो ऑक्टोबर. पाऊस सरलेला, जमीन ओली, हवेत दमटपणा. घाम येतो पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंगातली उष्णता नीट बाहेर पडत नाही. मग त्याच वेगाला काळीज जास्त ठोके घेतं. उताराचंही असंच एक गणित आहे. चढ दमवतो, पण मोडतो तो उतार. प्रत्येक पावलाला अंगाचा भार झेलताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आवळावा लागतो. दोन दिवसांनी जिना उतरताना भिंत धरायला लागते ती त्यामुळे. इथली हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते, आणि तिचा निम्मा भाग चढ, निम्मा उतार. पहिल्यांदा ती पळालो तेव्हा मी चढावर सगळी ताकद घालवली आणि उतारावर लंगडत आलो. हे सगळं वहीत आहे, आणि ते खरं आहे.

खोटं हवेच्या रकान्यात सापडलं. ज्या दिवशी वेळ वाईट, त्या दिवशी हवा सविस्तर लिहिलेली: ‘समोरून वारा’, ‘दमट’, ‘रस्त्याला शेवाळ, जपून पळावं लागलं’. ज्या दिवशी वेळ चांगली, त्या दिवशी रकाना कोरा. पाठीमागून वारा होता म्हणून लवकर आलो, असं सहा वह्यांत एकदाही नाही. वाईट दिवस हवेचे आणि चांगले दिवस माझे. अंतराचंही तेच. ९.६ किलोमीटर झाले की मी १० लिहायचो, कारण झाडीत आणि घाटाच्या कुशीत घड्याळ चुकतं. चुकतं हे खरं आहे. पण ते कधी कमी दाखवतं, कधी जास्त. माझ्या वहीत मात्र ते नेहमी कमीच दाखवत आलेलं आहे.

इतकंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

पहिल्या वहीच्या सुरुवातीला काही ओळी अशा आहेत: ‘आज दोघं. बोगद्यापर्यंत.’ ‘दोघं. चार भिंतींपर्यंत. ती पुढे.’ माझ्या लक्षातून गेलं होतं, की पळायला जाऊ या हे मुळात बायकोने सुचवलं होतं. ती माण तालुक्यातली. कॉलेजात असताना खो-खो खेळायची आणि पंधराशे मीटर पळायची. मी तोवर बँकेतल्या खुर्चीवर बसून बसून जिना चढताना धापा टाकणारा माणूस होतो. त्या जूनमध्ये आम्ही पहाटे निघायचो तेव्हा चढावर ती पुढे जायची, वळणावर उभी राहायची आणि मी आलो की काही न बोलता पुन्हा सुरू करायची. मुलगी सहा वर्षांची होती, आई तेव्हा धडधाकट होती, मुलीपाशी घरात आई असायची.

मग ‘दोघं’ हा शब्द विरळ होतो. पुढे ओळी आहेत त्या अशा: ‘बोगद्यापर्यंत गेलो.’ ‘माहुलीला गेलो.’ मराठीत ‘गेलो’ एकट्याचंही असतं आणि दोघांचंही. मी गेलो, आम्ही गेलो. क्रियापद तेच राहतं. त्यामुळे ती नक्की कोणत्या दिवशी थांबली, हे माझ्या वहीवरून सांगता येत नाही. पावसाचा थेंब न् थेंब नोंदवणाऱ्या माणसाने आपल्या बरोबर पळणारं माणूस कमी झाल्याची तारीख लिहिलेली नाही. मी ती पानं पुढेमागे करून पाहिली. ऑगस्ट असावा, कदाचित सप्टेंबर. मुलीची शाळा सातची झाली होती. सकाळी सहाच्या आसपास पाणी यायचं आणि पाऊण तासात जायचं. डबा, वेणी, पाणी हे सगळं एकाच तासात. ‘तुम्ही या जाऊन, मी बघते,’ असं ती एकदा म्हणाली असणार. पुढच्या खेपेला ते म्हणावंही लागलं नसणार. २०१७ मध्ये आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि सकाळी तिला उठवून बसवणं, औषध देणं याची त्यात भर पडली. आई अजूनही पहाटे मनाचे श्लोक म्हणते. मी बुटांच्या नाड्या बांधायचो तेव्हा आतून तिचा आवाज येत असायचा, आणि तो आवाज ऐकत मी दार ओढून घ्यायचो.

ऑगस्ट २०१६ मधली एक ओळ वाचताना माझा हात थांबला. रिओ ऑलिंपिकमध्ये ललिता बाबर तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत पळाली होती. माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय बाई. शर्यत आम्ही घरी टीव्हीवर पाहिली. बायको निवडायची भाजी मांडीवर घेऊन बसली होती आणि शर्यत संपेपर्यंत तिने एक काडी मोडली नाही. ती फक्त ‘आमच्याकडची’ एवढंच म्हणाली, दोनदा. वहीत मी लिहिलंय: ‘ललिता बाबर दहावी. उद्या चढावर जोर लावायचा.’ तिच्या गावाकडची पोर जगासमोर पळाली, ते बघताना जिचा श्वास अडकला होता ती माझ्या शेजारी बसली होती, आणि त्यातून मी माझ्या उद्याच्या चढापुरतं बळ घेतलं.

त्यानंतर दोन वर्षांनी कॉलनीतल्या गणपतीत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. हाफ मॅरेथॉन मी त्या वर्षी २ तास ११ मिनिटांत पुरी केली होती. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, इच्छा असली की वेळ मिळतोच. लोक म्हणतात वेळ नाही, पण वेळ काढावा लागतो. मी रोज पहाटेचा दीड तास काढला. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत बायको आईजवळ बसली होती, आईच्या खांद्यावरची शाल नीट करत. घरी आल्यावर तिने नारळ देवापुढे ठेवला आणि विचारलं, ‘उद्या पण लवकर जाणार का?’ मी हो म्हणालो. ते भाषण आठवलं की आजही माझे कान तापतात. तो दीड तास कुणाच्या दिवसातून निघाला होता, हे मंडपात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस टाळ्या वाजवत होतं.

आता कॅलेंडरचं सांगतो.

आमच्याकडे स्वयंपाकघरात एकाच खिळ्यावर जुनी कॅलेंडरं नव्याच्या मागे राहतात. दुधाचा हिशेब त्यावर असतो. रोजच्या चौकोनात १ नाहीतर १॥, खाडा असला की फुली. वहीतली एक तारीख पडताळून बघायला मी मागची कॅलेंडरं उतरवली, तेव्हा दुधाच्या आकड्याशेजारी, चौकोनाच्या कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीने दुसरा आकडा दिसला. ४०. ४०. ५०. ६०. काही दिवस कोरे. तीन वर्षांच्या कॅलेंडरांवर तसेच आकडे होते. मला आधी वाटलं, भिशी असेल, नाहीतर आईच्या गोळ्या.

‘हे चाळीस काय?’

‘गच्चीवरचे फेरे,’ ती म्हणाली. चहा गाळत होती, मागे वळली नाही.

रात्रीची भांडी झाली की ती गच्चीवर जायची. मी साडेनऊला झोपायचो, कारण मला पावणेपाचला रस्त्यावर असायला हवं. माझ्या वहीत ‘झोप गाढ’ असंही कितीदा आहे. त्या गाढ झोपेच्या वर ती फेरे घालत होती.

पुढच्या रविवारी ती आईजवळ होती तेव्हा मी टेप घेऊन वर गेलो. पाण्याची टाकी आणि कपड्यांच्या तारा सोडून कठड्यालगत एक फेरा २८ मीटरांचा भरतो. साठ फेरे म्हणजे १,६८० मीटर. दर सात-आठ मीटरांवर वळण, त्यामुळे पळणं शक्यच नाही, झपाझप चालणं फक्त. ज्या बाईला चढावर गाठणं मला जमत नव्हतं, ती तीन वर्षं अठ्ठावीस मीटरांत गोल फिरत होती. मग मी एक गोष्ट केली, जी करायला नको होती असं वाटत होतं आणि केल्यावाचून राहवेना. जुलै २०२२ चं कॅलेंडर आणि माझी पाचवी वही शेजारी ठेवली. त्यातल्या एका आठवड्यात माझ्याकडे लागोपाठ तीन दिवस आहे: ‘मुसळधार. गेलो नाही.’ तिच्या चौकोनांत ४०, ४०, ५०. रात्री पाऊस थांबला असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. तिला विचारलं तर म्हणाली, ‘पावसाचं काय, छत्री घेऊन.’

तिच्या आकड्यांना हवेचा रकाना नाही. जे चौकोन कोरे आहेत ते मी माझ्या वहीशी ताडून पाहिले. आई आजारी होती ते दिवस, मुलीची परीक्षा, आणि एप्रिल २०२३ मधला एक पूर्ण आठवडा. त्या आठवड्यात माझी नडगी सुजली होती आणि मी रोज संध्याकाळी बर्फ आणि पट्टी मागत होतो. ते दुखणंही मी महिनाभर लपवून तसाच पळत राहिल्यामुळे वाढलेलं होतं. त्या आठवड्याची नोंद माझ्याकडे अर्धं पान आहे.

मी तिला म्हणालो, उद्यापासून तू जा. पहाटे पावणेपाचला, माझ्याऐवजी. असं म्हणताना मला आपण काहीतरी मोठं देतोय असं वाटलं, हेही सांगायला हवं. तिने माझ्याकडे नीट बघितलं. ‘पावणेपाचला घाटात? मी एकटी?’

माझ्या वह्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: ‘रस्त्यावर एकही माणूस नाही.’ काही ठिकाणी त्याखाली रेघ आहे. ते माझ्या सुखाचं वाक्य आहे. अंधार, धुकं, रिकामा घाट, यातलं काही मला भ्यायला लावत नाही. फार तर कुत्री. वळणावर दिवे बंद करून उभी असलेली गाडी दिसली तर मी तिच्या बाजूने पळत पुढे जातो, त्या गाडीचा मला विचारही करावा लागत नाही. तीच गाडी, तोच अंधार, तेच ‘एकही माणूस नाही’ तिच्या वाटेवर ठेवून मी कधी बघितलं नव्हतं. मी तिला जी वाट देऊ करत होतो, ती माझ्याच मापाची होती.

‘मला उजेडात जायचंय,’ ती म्हणाली. ‘सहाला.’

सहा म्हणजे पाणी. सहा म्हणजे डबा, आईला उठवणं, सातच्या कॉलेजची मुलगी. तिने मागितला तो बरोबर तोच तास, ज्या तासात मी अकरा वर्षं घरात नव्हतो. असलो तरी घामाघूम खुर्चीवर बसून मिठाचं लिंबूपाणी पीत होतो.

सोमवार, बुधवार, शुक्रवार असं ठरलं. त्या दिवशी मी जायचं नाही, नाहीतर चारला उठून सहाच्या आत परत यायचं. पहिल्या आठवड्यात मला कळलं, की पाणी आल्यावर आधी पिण्याचं भरायचं असतं, कारण सुरुवातीला जोर असतो; मग वरची टाकी. आई उठताना डाव्या हाताचा आधार घेते, उजव्या नाही. गोळी पोटात काही गेल्यावर द्यायची. मुलगी डब्यात भेंडी नेते, गवार परत आणते. माझ्या घराविषयीच्या या गोष्टी मला यवतेश्वरच्या वळणांइतक्याही माहीत नव्हत्या.

आणि आता जे सांगायला जड जातं ते. मला राग येतो. थंडीत एका बुधवारी पहाटे हवा अशी पडली होती की तशी वर्षातून चार दिवस पडते, कोरडी, अकरा-बारा अंश, वारा नाही. मी कणीक मळत खिडकीतून बाहेर बघत होतो आणि माझं काहीतरी कुणी उचलून नेलं आहे असं मला आतून, खरोखर वाटत होतं. तिला यायला उशीर झाला तेव्हा मी काही बोललो नाही, पण ताट आपटून ठेवलं. तिने ते ऐकलं. या वर्षी शर्यत जवळ आली तसे मी तिचे दोन शुक्रवार ‘फक्त या वेळी’ म्हणून परत घेतले. तिने दिले. जानेवारीत घेतलेला निश्चय जुलैत किती पातळ होतो, हे मी पाहिलं. अकरा वर्षं तिने असा एकही दिवस मागितला नव्हता, आणि मी सहा महिन्यांत दोन मागितले. मला वाटत होतं, वह्या वाचून माझे डोळे उघडले की माझं वागणं आपोआप बदलेल. तसं होत नाही. दर बुधवारी पावणेसहाला ते पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

एकदा ती आली तेव्हा मी विचारलं, किती झाले? किती वेळ लागला? कुठवर गेलीस? माझी वही समोर उघडी होती. मला तिच्या नावाचा एक रकाना आखायचा होता. मला वाटत होतं, त्याने काही भरपाई होईल. बूट काढता काढता ती म्हणाली, ‘ते माझं माझ्याकडे राहू दे.’ चेहरा लाल झालेला, केस कपाळाला चिकटलेले. चढ करून आलेली होती, एवढं मला कळलं. कोणता, ते नाही. ती घोटभर पाणी प्यायली आणि आईच्या खोलीत गेली. कॅलेंडरवर हल्ली पेन्सिलीचे आकडे नसतात. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी कोपऱ्यात एक टिंब असतं, बस.

मी तो रकाना आखला नाही. आज बुधवार. सहाव्या वहीत आजची ओळ अशी आहे:

‘गेलो नाही. पाणी ५:५० ला आलं, ६:३५ ला गेलं. दोन्ही टाक्या भरल्या. पाऊस नव्हता.’